बोफेतादा म्हणजे थोबाडीत

...नाही, बाइकवरून पडलो नाही, बाथरूममध्ये घसरलो नाही, आणि बायकोनंही मारलेलं नाही! किती वेळा सांगायचं? सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर तेच, दळण टाकायला गेलो तर तेच, लिफ्टमध्ये शिरलो तर तिथे तेच, 'काय लवू, नाकाला काय झालं?' अहो, फुटलं! नाक आहे, फुटलं! आणि कशानं फुटलं ते सांगितलं की तुम्ही हसणार, मला माहीत आहे... हा बघा, हा तर आधीच हसायला लागला. स्पॅनिशनं फुटलं. हो, स्पॅनिशनं! भाषा, भाषा! लोक जर्मन शिकतात, फ्रेंच शिकतात, जपानी शिकतात, सर्टिफिकेट घेऊन घरी येतात, पेढे वाटतात, फेसबुकवर फोटो टाकतात, आणि मी कोर्टातलं स्पॅनिश शिकलो आणि एक्स-रे घेऊन घरी आलो. तुम्हाला सांगतो, मी शब्द शिकायला गेलो होतो हो... शब्द!

आता तुम्ही म्हणाल, विक्रोळीच्या लवू मेस्त्रीला स्पॅनिशचं काय पडलंय? आमच्या मालवणात कोण बोलतं स्पॅनिश? कोणी नाही! पण मी बोलतो. उभी जवानी मी अंधेरीच्या एका कॉल सेंटरात बसून तिकडच्या, म्हणजे मेक्सिकोच्या, पेरूच्या लोकांचे फ्रीज दुरुस्त केले, फोनवरून. कंपनीनंच भाषा शिकवली. फ्रीजपुरती. मला 'कॉम्प्रेसर गरम होतोय' येतं, 'दाराचं रबर सैल झालंय' येतं, 'खालच्या खणात पाणी साचतं का हो ताई' येतं, आणि सगळ्यात जास्त काय येतं सांगू? 'दिस्कुल्पे ला मोलेस्तिया.' म्हणजे, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. समोरचा माणूस तिकडून आई काढतोय, आजी काढतोय, आपण इकडून शांतपणे म्हणायचं, दिस्कुल्पे ला मोलेस्तिया, आणि कंप्यूटरवर टाईप करायचं, 'ग्राहकाची किंचित गैरसोय झाली आहे.' किंचित! तो म्हणत असायचा, तुला फ्रीजमध्ये कोंबून समुद्रात फेकीन, आणि मी लिहायचो किंचित! इतकी सवय लागली की सासरे वारले तेव्हा मेव्हण्याला मिठी मारली आणि तोंडातून पहिलं निघालं, दिस्कुल्पे ला मोलेस्तिया. तो बिचारा म्हणाला, आमेन.

मग एके दिवशी कंपनीनं सांगितलं की आता फोनवर मशीन बोलणार. माझ्याच आवाजात बोलतं म्हणे, फक्त दमत नाही आणि चहाला उठत नाही. झालं! घरी बसलो. आमची नलिनी रोज सकाळी डबा घेऊन मुलुंडला लॅबमध्ये कामाला जाते, काउंटरवर असते ती, आणि मी दारात उभा राहून तिला टाटा करतो, मग कुकर लावतो, मग खिडकीत उभा राहतो. आणि ती काही बोलत नाही हो! एक शब्द नाही! बोलली असती, चिडली असती, तर मी क्षमस्व तरी म्हटलं असतं. पण ती संध्याकाळी येते, कुकर उघडून बघते आणि म्हणते, 'छान झालाय भात.' लाज वाटायची मला. खरंच सांगतो, मान वर करवत नव्हती.

आणि अशात हर्षदचा फोन. हर्षद सामंत, माझ्या शाळेतला, आता बोरिवलीच्या कोर्टात वकील. 'लव्या, तुला स्पॅनिश येतं ना रे?' म्हटलं, येतं. 'मग ऐक. माझा एक अशील आहे, एस्तेबान. पेरूचा. इकडे योग शिकायला आला, पैसे संपले, मग मढच्या बंगल्यांत शूटिंगला इंग्रज शिपाई म्हणून गर्दीत उभा राहायला लागला. तिथे काशीराम नावाचा एक आहे, मढचाच, शूटिंगला माणसं पुरवतो. तर हा येडा जेवणाच्या सुट्टीत हिरोच्या खुर्चीत जाऊन बसला. काशीरामनं खालून खुर्ची ओढली. हा पडला. उठला आणि काशीरामच्या तोंडावर एक ठोसा! दात बाहेर.' म्हटलं, मग? 'मग काय, दात पडला की कायद्यात ती गंभीर दुखापत होते रे बाबा! पासपोर्ट जमा झालाय, केस संपेपर्यंत त्याला घरी जाता येत नाही. दोघांत समझोता घडवायचाय, पण यांची भाषा एक नाही. तू दुभाषी हो. ही एक केस नीट पार पाड, लव्या, मी तुला कोर्टात कायमचा उभा करतो, दर महिन्याला काम देतो. पण एक, तिथे फ्रीजची भाषा चालणार नाही हां. कोर्टाचे शब्द शिकून ये.'

तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी नलिनीला दारातच पकडलं आणि सांगितलं, नोकरी! कोर्टात! ती चप्पल काढता काढता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि रडली. आता सांगा, असं झाल्यावर माणूस जाणार की नाही शिकायला? गेलो. घाटकोपरला पंतनगरात दीप्ती मॅडम म्हणून आहेत, वर्षानुवर्षं कोर्टात दुभाषीचं काम करतात, घरी शिकवण्या घेतात. दार उघडलं, तर समोर एवढीशी बाई, कॉटनची साडी, जाड चष्मा, आवाज गोड. 'या ना लवू, बसा. पाणी घेता?' मी मनात म्हटलं, वा, देवमाणूस! पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला. त्या म्हणाल्या, 'पहिला शब्द. बोफेतादा.' आणि सण्ण करून माझ्या थोबाडीत दिली!

अहो, चष्मा माझा सोफ्याखाली गेला! मी म्हटलं, मॅडम!! त्या म्हणाल्या, 'बोफेतादा म्हणजे थोबाडीत. विसराल का आता?' म्हटलं, जन्मात नाही. 'मग! अहो, शब्द कानातून आला की दुसऱ्या कानातून जातो. अंगातून आला की अंगात राहतो. कोर्टात साक्षीदार घडाघडा बोलतो, तुम्ही तिथे शब्द आठवत बसणार का? शब्द ऐकला की आधी हात हलला पाहिजे, मग तोंडातून मराठी आलं पाहिजे. आधी हात, मग अर्थ. चला, उठा. पुढचा शब्द.' आणि पुढचा शब्द काय, तर पुन्येतासो. ठोसा!

आणि त्या कोर्टाच्या भाषेत काय काय आहे हो! मला वाटलं होतं वकील, अर्ज, तारीख, टेबल, खुर्ची... कुठचं काय! फ्रीजमध्ये बिघडून बिघडून काय बिघडतं? गॅस जातो, थर्मोस्टॅट जातो, संपलं. पण माणसात काय काय बिघडवता येतं आणि कशाकशानं, त्याचे शब्द संपतच नाहीत! पातादा म्हणजे लाथ. काबेसासो म्हणजे डोक्यानं हाणलेली ढुशी. पालिसा म्हणजे काठीनं बडव बडव बडवणं. पुन्यालादा म्हणजे सुरा खुपसणं, तो मॅडम फूटपट्टीनं खुपसायच्या, बरगडीत, आणि विचारायच्या, 'किती खोल गेला? सांगा, सांगा, कोर्ट विचारणार!' मी म्हटलं मॅडम, फूटपट्टीवर बघून सांगतो ना. तर आणखी एक खुपसला. आणि मी 'ठोसा' म्हणायच्या जागी चुकून 'बुक्की' म्हटलं तर भडकल्या! 'बुक्की पाठीत घालतात, लवू! ठोसा तोंडावर मारतात! दोन्हीची दुखापत वेगळी, शिक्षा वेगळी! परत!' आणि परत म्हणजे परत खाल्ला, तोंडावर.

वर तिथे आणखी एक विद्यार्थी होता, मिथुन. सहारला विमानतळावर कार्गोत आहे, एवढे दंड, एवढी मान, तोही कोर्टाचं स्पॅनिश शिकत होता. मॅडम दमल्या की मिथुनला सांगायच्या, 'मिथुन, लवूंना एस्त्रांगुलार समजावून द्या.' एस्त्रांगुलार म्हणजे काय, तुम्ही ओळखलंच असेल... गळा दाबणं! बरं, मिथुन माणूस सज्जन. गळा दाबताना विचारायचा, 'दादा, दुखतंय का?' अरे, गळा दाबल्यावर मी उत्तर कसं देणार? मग तो म्हणायचा, 'मॅडम, हे काही बोलत नाहीत, जमलं वाटतं यांना.' एकदा मी म्हटलं, मॅडम, आज जरा शांत शब्द घेऊया का, शपथ वगैरे. त्या म्हणाल्या, 'हो हो, घेऊया. हुरामेंतो म्हणजे शपथ. शपथ घेताना उभं राहायचं असतं.' आणि कानाला धरून उभं केलं! मी शब्द शिकायला गेलो होतो हो, शब्द!

आणि घरी काय सुटका? मॅडमनी सांगितलेलं, 'घरी सराव करा, कोणीतरी शब्द वाचायचा, तुम्ही आधी हात, मग अर्थ.' मी नलिनीला सगळे शब्द मराठीत लिहून दिले. पहिले दोन दिवस ती नुसती वाचायची, मी उशीला मारायचो, 'ठोसा! लाथ! ढुशी!' तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'अहो, तुम्ही नुसते मारताय, मार खायची सवय कोण लावणार? मॅडम मारतात ना? मग तसंच करायला हवं.' आणि लाटणं घेऊन आली! तुम्हाला सांगतो, तिला त्या भाषेतला एक शब्द धड उच्चारता येत नव्हता, 'पाताडा' म्हणायची, 'काबेसा की काय तो' म्हणायची, पण मार सगळे अचूक! एकही चुकला नाही! मी घरी बसल्यापासून जे जे ती बोलली नव्हती ना, ते सगळं तिनं मला स्पॅनिशमध्ये सांगितलं.

आणि आवाज काय कमी होतो? 'आई गं, सुरा!', 'मेलो, काठी!', 'सोड, गळा!' शेजारी धावून आले. सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम दारात उभे, मागे चार बायका. मी जमिनीवर आडवा, छातीवर नलिनीचा गुडघा, तिच्या हातात लाटणं, आणि दत्ताराम मला म्हणतात, 'लवू, तुला लाज वाटत नाही? बायकोवर हात उचलतोस?' अहो, कोण कोणावर? मी खालून म्हटलं, दत्तारामभाऊ, अभ्यास चाललाय. तर ते म्हणाले, 'दारू पिऊन अभ्यास?' आणि नलिनी? तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, 'जाऊ द्या हो, त्यांना नोकरी लागत्ये.'

बरं, हे सगळं सोसून मी शिकलो. शिकलो हां! आरोपीला आकुसादो, साक्षीदाराला तेस्तीगो, न्यायाधीशाला हुएस, धमकीला आमेनासा, दुखापतीला लेसिओनेस, झोपेतसुद्धा हात आधी हलायचा, मग अर्थ यायचा. नलिनीनं मधे चादर गुंडाळून भिंत केली होती. आणि अशा तयारीत हर्षदनं बोलावलं, बोरिवलीला, त्याच्या ऑफिसात, समझोत्याच्या बोलणीसाठी. या बाजूला एस्तेबान, उंच, दाढी, डोळे लाल. त्या बाजूला काशीराम, बसकट, छाती पुढे, पुढच्या दातांत खिंडार. मधे मी. आणि एस्तेबाननं पहिलंच वाक्य टाकलं, 'या गाढवाला सांग, उरलेले दातही पाडीन.'

आता बघा हं. मला अर्थ कळला. शब्दन् शब्द कळला. कधी नव्हे तो फ्रीज सोडून काहीतरी कळलं. पण काशीराम माझ्याकडे बघत होता, मनगट चोळत होता, आणि इतक्या वर्षांची सवय... तोंड आपोआप उघडलं, म्हटलं, 'ते म्हणतात, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' काशीराम जरा ढिला पडला. पण म्हणाला, 'क्षमस्व? याला सांग, एकटा भेट, बोटीत घालून नेतो आणि आत दर्यात बुडवतो.' मी एस्तेबानकडे वळलो आणि म्हटलं, 'ते म्हणतात, एकदा या, बोटीतून फिरवून आणतो.' एस्तेबानचे डोळे भरून आले हो! म्हणाला, 'माफी मागतोय का हा?' म्हटलं, मनापासून! पुढे तो जे म्हणाला ते मी गोड केलं, हा जे म्हणाला ते मी गोड केलं, आमच्या जुन्या चाळीत तरी दुसरं काय व्हायचं? वरच्या मजल्यावरची म्हातारी खालच्या बाईला नळावरून शिव्या द्यायची आणि निरोप नेणारा जिना उतरता उतरता त्या धुऊन न्यायचा, म्हणून तर खून पडले नाहीत! अर्ध्या तासात दोघं उठले आणि गळ्यात पडले! हर्षदनं माझी पाठ थोपटली, थोपटली बरं का, मारली नाही, आणि म्हणाला, 'लव्या, तू सोनं आहेस रे! उद्या कोर्टात मॅजिस्ट्रेट मॅडम दोघांना विचारतील, दोघं हो म्हणतील, मॅडम परवानगी देतील, संपलं. तुझं काम पक्कं.' मी नलिनीसाठी श्रीखंड घेऊन गेलो.

मधे घाटकोपरला उतरून ही खुशखबर दीप्ती मॅडमना सांगायची बुद्धी कुणी दिली मला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि... बोफेतादा! पण या वेळची वेगळी होती हो. या वेळची शिकवणीतली नव्हती, खरी होती. म्हणाल्या, 'तो माणूस सात समुद्रांपलीकडून आलाय, इथे त्याची भाषा कोणाला येत नाही, त्याच्याकडे एकच आवाज आहे, तो म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही त्याच्या तोंडी तो बोललाच नाही ते घालता? भांडण त्यांचं आहे, लवू. ते धुऊन द्यायचा तुम्हाला काय अधिकार? उद्या शपथ घेणार आहात कोर्टात. एक शब्द कमी करायचा नाही, एक जास्त करायचा नाही.' मला इतकं वाईट वाटलं सांगू, गाल दुखला त्यापेक्षा आत जास्त दुखलं. मी तिथेच ठरवलं, उद्या जे कानावर पडेल तेच बाहेर येणार. जसंच्या तसं!

आणि तेच नडलं. दुसऱ्या दिवशी बोरिवलीचं कोर्ट, गच्च भरलेलं, वर मॅजिस्ट्रेट मॅडम, मी शपथ घेतली, आवाज कसा खणखणीत! मॅडम म्हणाल्या, 'आरोपीला विचारा, समझोता राजीखुशीनं करताय का?' मी विचारलं. एस्तेबान म्हणाला, 'हो, करतो. या भित्र्यानं माझी माफी मागितली, म्हणून मोठ्या मनानं सोडतो.' घशात 'दिस्कुल्पे' आलं हो! वर आलं! गिळलं. आणि जसंच्या तसं सांगितलं, 'भित्र्यानं'सकट. काशीराम उडालाच, 'कोण? मी? माफी? अरे हट्! माफी यानं मागितली, वकिलाच्या ऑफिसात, या दुभाष्याच्या तोंडानं!' तेही मी जसंच्या तसं पलीकडे दिलं. हर्षदनं डोक्यावर फाईल घेतली. एस्तेबान ओरडला, 'खोटं! मी तर म्हणालो होतो, उरलेले दात पाडीन! एका पुन्येतासोत पाडीन!'

पुन्येतासो! अहो, पुन्येतासो म्हणाला तो! आणि माझ्या कानात तो शब्द पडला... आधी हात, मग अर्थ! मी काय करणार? मी काही केलंच नाही, हातच गेला, सुटलाच तो, पंतनगरपासून निघालेला हात थेट बोरिवलीच्या कोर्टात काशीरामच्या तोंडावर जाऊन बसला, फाडकन! आणि त्यानंतर माझ्या तोंडातून, शांतपणे, खणखणीत आवाजात, अर्थ आला, 'ठोसा.'

काशीरामनं ओठाला हात लावला, रक्त बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि त्यानं कुठल्याही शिकवणीला न जाता, कुठलाही शब्द न ऐकता, असा एक दिला ना! तोच हा. हेच ते नाक. मी आडवा! उठलो, तर परत एक, परत आडवा! मधे एस्तेबान शिरला, सोडवायला की मारायला देव जाणे, त्याचा कोपर माझ्या डोळ्यात. हवालदार आला त्याची काठी माझ्याच नडगीवर. मला सगळे शब्द आठवत होते हो त्या वेळी! पातादा, कळलं! काबेसासो, कळलं! पालिसा, कळलं, कळलं! मी खालून ओरडतोय, मी शब्द शिकायला गेलो होतो हो... शब्द!

मॅजिस्ट्रेट मॅडम उभ्या राहिल्या. 'कोर्टासमोर मारामारी? तिघांनाही तिथे मागच्या बाकावर बसवा! कोर्ट उठेपर्यंत हलायचं नाही! कोणी तोंडातून आवाज काढला तर आत टाकीन!' झालं. नाकात कापूस घालून मी बाकावर बसलो, इकडे काशीराम, तिकडे एस्तेबान, मधे मी. पुन्हा मधे मीच! काशीराम माझ्या कानाशी लागला, 'खरं सांग रे, त्या दिवशी ऑफिसात हा काय म्हणाला होता?' शपथ घेतलेली होती, खरं सांगितलं. त्यानं मांडीला असा चिमटा काढला, असा काढला, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ओरडायची तर सोय नाही! मग दुसऱ्या कानाशी एस्तेबान, 'आणि हा काय म्हणाला होता? बोटीचं खरं होतं का?' म्हटलं, बोटीचं खरं होतं, फिरवण्याचं खोटं. त्यानं बुटाची टाच माझ्या पायाच्या बोटांवर ठेवली आणि दाबली, दाबली, दाबली. वर पुन्हा चिमटा. खाली पुन्हा टाच. आणि मधेच माझ्या डोक्यावरून दोघांची नजरानजर झाली. या दोघांना कळलं की आपण दोघं एकाच माणसाला छळतोय... आणि काशीराम गालात हसला. एस्तेबानपण हसला. काशीरामनं बोटानं आपल्या दातांमधलं खिंडार दाखवलं, एस्तेबाननं बसल्या बसल्या पार्श्वभाग चोळून दाखवला, खुर्चीवरून पडला होता ना तो, आणि दोघं तोंडावर हात दाबून खिदळायला लागले. मधल्या सुट्टीत काशीरामनं डबा उघडला, तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी, निम्मं त्याला दिलं, आणि मला? मला म्हणाला, 'तू दोन्हीकडून गोड खाल्लंस, तुला कशाला?'

संध्याकाळी मॅडमनी परत विचारलं, समझोता? काशीराम म्हणाला, राजीखुशीनं. एस्तेबाननं हात जोडले, आणि कोणी भाषांतर न करता मॅडमना समजलं. परवानगी मिळाली, केस संपली, त्याचा पासपोर्ट सुटला, तो घरी निघाला. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. फार शांतपणे म्हणाल्या, 'दुभाषी, यापुढे या कोर्टात दिसू नका.' बास. एवढंच. ते एक वाक्य ऐकून छातीत जे बसलं ना, तसं मिथुननंसुद्धा कधी मारलं नाही. बाहेर आलो तर हर्षद म्हणाला, 'लव्या, फोन करीन हं.' तो फोन यायचाच नाही हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. पायरीवर बसलो. म्हटलं, आता नलिनीला काय सांगू? श्रीखंड संपवलं असेल तिनं.

तेवढ्यात मागून हात पडला खांद्यावर. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं घे बाबा, मार. तर काशीराम! बाजूला बसला, फुटक्या ओठानं म्हणाला, 'काय रे भाऊ, पडायला कुठे शिकलास?' म्हटलं, काय? 'पडतोस काय मस्त! मी मारला तर सरळ मागे गेलास, हात नाही टेकले, डोकं नाही वाचवलंस, लगेच उठलास, परत मार खायला तयार! अशी माणसं भेटत नाहीत रे. आमच्याकडे मढला रोज फायटिंग असते, आणि आता हा पेरूवालापण चालला. येतोस का?' आता मला सांगा, ज्याला पाच-सहा आठवडे घाटकोपरात आणि स्वतःच्या घरात ट्रेनिंग मिळालंय, तो नाही कसं म्हणणार? घरी आलो, नाकाला पट्टी, डोळा काळा, दार उघडून नलिनी बघतच राहिली. म्हणाली, 'अगो बाय माझ्या! काय झाला तुमका?' म्हटलं, दुभाषीचं गेलं. पण काम लागलं. रोजचं आहे. तिनं नाकाला हळद लावली, आणि म्हणाली, 'उद्या डबा दोन बांधते.'

तर हे असं आहे. सोमवारपासून जातोय मढला. नाकामुळे या आठवड्यात मागूनच मारतात, सांभाळून घेतात बिचारे. काल जिन्यावरून ढकललं, परवा गाडीच्या काचेतून फेकलं, आज कोणीतरी नवीन हिरो आहे, त्याला अजून मारायचं किती ते कळत नाही म्हणे. भाषेचा काही त्रास नाही, सगळ्या सिनेमात मिळून माझ्या वाट्याला एकच संवाद, 'आई गं!' तो मी असा जीव तोडून म्हणतो की बाजूचे दचकतात... आणि नंतर डबिंगला तोसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या आवाजात भरतात.